सातपूरच्या वाइंडिंगवाल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाशिकला समुद्र नाही, पण जहाजावर ईटीओ (विजेची यंत्रणा सांभाळणारा अधिकारी) म्हणून जे काम मी करतो त्याचा पाया सातपूर एमआयडीसीतल्या तुमच्या विजेच्या मोटारी रिवाइंड करायच्या शेडमध्ये घातला गेला. तुमचे आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे पत्र.

मेगर म्हणजे वाइंडिंगचं (मोटारीतल्या तारेच्या गुंडाळीचं) इन्सुलेशन किती शाबूत आहे ते मेगओहममध्ये मोजणारं यंत्र. त्याचा आकडा एकटा लिहायचा नाही, हा तुमचा नियम. वाइंडिंगचं तापमान, किती व्होल्ट लावले, केबलसकट की केबल सोडून, एक मिनिटाला काय आलं, हे सगळं तुम्ही खडूने मोटारीवरच लिहायचात. वाळवायच्या ओव्हनमध्ये जाण्याआधी एकदा, बाहेर आल्यावर पुन्हा. मेगरचं हँडल एका लयीत फिरवत काट्याकडे बघायला लावायचात. कोरड्या वाइंडिंगला काटा सावकाश चढत राहतो, ओल्या वाइंडिंगला जेमतेम हलतो. टेस्टनंतर वाइंडिंग अर्थ करून डिस्चार्ज केल्याशिवाय टर्मिनलला बोट लावू द्यायचा नाहीत.

440 व्होल्टची मोटार 500 व्होल्ट डीसीने तपासायची आणि 1 मेगओहमच्या वर असेल तर चालवायची, असा जहाजांवरचा सर्वसाधारण रिवाज. पण तापमान 10 अंशांनी वाढलं की रीडिंग ढोबळमानाने निम्मं होतं. नुकत्याच थांबलेल्या, 60 अंशांच्या मोटारीचे 10 मेगओहम आणि तीच 30 अंशांवर आल्यावरचे 80, तब्येत एकच! म्हणून मी सगळी रीडिंग 40 अंशांच्या हिशेबात आणून लिहितो. मी येण्याआधीच्या नोंदवहीच्या पानांवर नुसतं ‘ओके’ होतं. त्यावरून मोटार खालावतेय की नाही, काय कळणार?

मूरिंग विंचच्या (जहाज धक्क्याला बांधायचे दोर ओढणाऱ्या यंत्राच्या) मोटारीचं रीडिंग 60 मेगओहमवरून 25 वर आणि मग 6 वर आलं. नियमाने 6 म्हणजे पास. पण ही घसरण बघून टर्मिनल बॉक्स उघडला, तर केबल ग्लँडमधून (केबल आत शिरते तिथल्या सीलमधून) खारं पाणी शिरलेलं, टर्मिनलांवर मिठाचा पांढरा थर. गोड्या पाण्याने धुतलं, गरम हवेने वाळवलं, ग्लँड बदलला. रीडिंग परत वर आलं. बंदराला लागताना ती मोटार बसली असती तर डेकवरच्या पोरांचे हाल झाले असते. काका, हे श्रेय तुमचं आहे.

सुट्टीवर आलो की नोंदवहीच्या प्रती घेऊन येतो, नव्या पोरांना दाखवा. डेकवरच्या मोटारींना वार्निश कोणतं वापरावं, तेही तुम्हाला विचारायचंय.

तुमचा विद्यार्थी