मराठी पुस्तकांची यादी बोलती करणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयाचं संकेतस्थळ तुम्ही दुरुस्त केलंत. मी आभार मानले तर "त्यात काय एवढं" म्हणालात. काय होतं ते चारचौघांत सांगावंसं वाटलं.

मला दिसत नाही. संगणकावरचं सगळं मी एनव्हीडीए या स्क्रीन रीडरकडून ऐकते. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये तो बनवायला घेतला. तो मोफत मिळतो, म्हणून माझ्यासारखीला परवडतो. पण समोरचं पानच नीट बांधलेलं नसेल तर तो तरी काय करणार! पुस्तकाची मुदत वाढवायच्या फॉर्मवर टॅब दाबत गेलं की "एडिट, एडिट, बटन, बटन" एवढंच कानावर यायचं. सभासद क्रमांक कुठे लिहायचा, पत्ता लागत नसे. तुम्ही प्रत्येक रकान्याला लेबल जोडलंत, चित्रातली अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा काढलात.

खरं कष्टाचं काम यादीचं. युनिकोड या पद्धतीत मराठी अक्षरांना संगणकात स्वतःचे संकेत असतात; ती यादी मात्र त्याच्या आधीच्या फॉन्टमध्ये होती. पडद्यावर मराठी दिसायचं, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली. स्क्रीन रीडर तीच वाचणार. त्यामुळे इंग्रजी पुस्तकांची नावं मला स्वच्छ ऐकू यायची आणि माझ्या मायबोलीतली नुसती खिचडी. शोधायला मराठीत नाव टाइप केलं तरी काही सापडत नसे. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं, रफार, पहिली वेलांटी आली की ती घोळ घालतात. तुम्ही ओळ न् ओळ डोळ्यांखालून घातलीत. पानाची भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये नोंदवलंत, म्हणून आता आवाज आपोआप मराठीवर येतो.

दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ पासून आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. याचं मोल मी जाणते. तरी रफार जागेवर बसवायला कुणीतरी खुर्चीत बसावंच लागतं, आणि तुम्ही बसलात.

पूर्वी मी कुणाला तरी एक नाव सांगायचे, "हे आहे का बघ." चाळणं माझ्या वाट्याला नव्हतंच. परवा काही घ्यायचं नसताना प्रवासवर्णनांची अख्खी यादी ऐकत बसले. कधी नावही न ऐकलेली दोन पुस्तकं निवडली. आता ती घरी स्कॅन करून ऐकतेय. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने आम्हाला तशी मुभा आहे.

दिवाळी अंकांची मुखपृष्ठं टाकाल, तेव्हा प्रत्येक चित्रामागे, स्क्रीन रीडरला वाचता येईल असं, अंकाचं नाव, वर्ष आणि चित्रात काय आहे ते दोन ओळींत लिहायला हवं. माझी भाची मला चित्रं सांगेल, मजकूर मी टाइप करून पाठवीन. अंक आले की कळवा.

तुमची,
वाचनालयाची एक सभासद