ब्लॉकखालचे सिंगापूर : आई-बाबांना पत्र

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

रविवारच्या फोनवर बाबांनी विचारलेला प्रश्न मी टाळला नव्हता. त्याचे उत्तर फोनवर देण्यासारखे नव्हते, म्हणून हे पत्र लिहिते आहे. आम्ही दोघे दिवसभर कामावर असणार आणि तुमची नात शाळेत असणार, मग सिंगापूरला येऊन तुम्ही करायचे काय, ही बाबांची शंका रास्त आहे. दादाकडे अमेरिकेत तुम्ही राहिलात तेव्हा घर मोठे होते, मागे हिरवळ होती, कशाचीही उणीव नव्हती. पण दुधाची पिशवी आणायची तरी कोणीतरी गाडी काढावी लागे आणि संध्याकाळी सहापर्यंत रस्त्यावर माणूस दिसत नसे. सांगलीत ज्यांची सकाळ आमराईत आणि संध्याकाळ वाचनालयात जाते, त्यांना तो निवांतपणा शिक्षेसारखा वाटला यात नवल नाही. माझ्या मते एखादी वस्ती आपली वाटायला घर कसे आहे यापेक्षा, घराबाहेर पडल्यावर कोणाच्या मदतीशिवाय आणि कोणाच्या आमंत्रणाशिवाय आपण कुठे जाऊन बसू शकतो, हे जास्त महत्त्वाचे असते. त्या दृष्टीने आमचे तोआ पायोह कसे आहे ते सांगते.

सिंगापूर म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे समुद्रकाठचे काचेचे मनोरे येतात. आम्ही तिथे राहत नाही, आणि इथले बहुतेक लोकही तिथे राहत नाहीत. या देशातील दर पाचांपैकी जवळजवळ चार रहिवासी सरकारी गृहनिर्माण मंडळाने, म्हणजे एचडीबीने, बांधलेल्या इमारतींत राहतात. हे मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि त्याने स्वतः पहिल्यापासून आखून वसवलेले पहिले उपनगर म्हणजे तोआ पायोह. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत इथे दलदल, भाजीचे मळे आणि पत्र्या-लाकडाच्या झोपड्यांची खेडी होती. ती खेडी हलवताना विरोध झाला, लोकांची उपजीविका विस्कटली, हेही खरे आहे. इथल्या जुन्या माणसांशी बोलताना त्याची खंत अजून ऐकू येते. मात्र नवी वस्ती आखताना एक गोष्ट विचारपूर्वक केली गेली : नुसत्या खोल्या बांधल्या नाहीत, तर भाजीबाजार, खाण्याचे ठेले, शाळा, दवाखाना, वाचनालय आणि पोहण्याचा तलाव हे सगळे चालत जाण्याच्या अंतरात ठेवले. १९७२ साली इंग्लंडची राणी इथली एक इमारत पाहायला आली होती, इतका त्या काळी याचा बोलबाला होता. पूर्वी अनेक इमारतींत लिफ्ट ठरावीक मजल्यांवरच थांबत असे आणि म्हाताऱ्या माणसांना एखाद-दुसरा मजला पायऱ्यांनी उतरावा लागे. २००१ पासून सरकारने ते हळूहळू बदलले, त्यामुळे आईच्या गुडघ्यांची चिंता करायचे कारण नाही. आमच्या इमारतीत लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबते.

आता बाबांसाठी मुख्य गोष्ट. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर घरेच नाहीत. खांबांवर उभी असलेली ती संपूर्ण जागा मोकळी सोडलेली असते आणि तिला इथे व्हॉइड डेक म्हणतात. वारा आरपार वाहतो, ऊन-पाऊस लागत नाही, बसायला बाके असतात आणि काही ठिकाणी दगडी टेबलांवर पटच कोरलेला असतो. तिथे रोज दुपारी चारनंतर आसपासचे चिनी आजोबा जमतात आणि त्यांचे बुद्धिबळ सुरू होते. बाबा, सांगलीच्या माणसाला बुद्धिबळ शिकवायची गरज नाही, पण या खेळात तुम्हाला नव्याने डोके घालावे लागेल. मोहरे चौकोनात न ठेवता रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठेवतात. पटाच्या मधोमध एक नदी असते आणि हत्ती ती ओलांडू शकत नाही; आपल्या हत्तीसारखे सरळ धावायचे काम तिथे रथ करतो. राजाला नऊ बिंदूंच्या महालाबाहेर पाऊल टाकता येत नाही. घोड्याच्या लगतच्या बिंदूवर कोणी उभे असेल तर त्या बाजूची त्याची वाट बंद होते, आणि सगळ्यांत गमतीचा मोहरा म्हणजे तोफ, जिला समोरचे मोहरे मारण्यासाठी मध्ये कोणीतरी एक आडवा असावा लागतो. आमच्या सहाव्या मजल्यावरचे एक आजोबा या खेळात पक्के मुरलेले आहेत. त्यांचे इंग्रजी दहा-बारा वाक्यांपुरते आहे, पण माझे वडील बुद्धिबळ खेळतात हे सांगितल्यापासून ते मला लिफ्टमध्ये दर वेळी तुम्ही कधी येणार ते विचारतात. मोहऱ्यांवर चिनी अक्षरे असतात, ती मात्र आधी ओळखायला शिकावी लागतील. एका कागदावर काढून ती मी या पत्रासोबत जोडते आहे.

त्याच मोकळ्या जागेत कधी मलाय कुटुंबाचे लग्न असते, तर कधी चिनी कुटुंबातील मृत्यूनंतरचे विधी. नगर परिषदेकडून परवानगी घेऊन मांडव घालतात. लग्न असेल तर डफांच्या तालावर नवरा मुलगा येतो आणि बिर्याणीचा वास वरच्या मजल्यांपर्यंत पोहोचतो. मृत्यू झाला असेल तर तीन, पाच किंवा सात दिवस नातेवाईक पार्थिवाजवळ रात्रंदिवस बसून असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्याच्या शेजारूनच लिफ्टकडे जावे लागते. आईला पहिल्यांदा हे फार विचित्र वाटेल. मलाही वाटले होते, पण आता वाटते की सुख आणि दुःख दोन्ही इमारतीच्या पोटात घडत असल्यामुळे शेजाऱ्याच्या घरी काय झाले हे इथे न सांगता कळते. शेजारी असे सरमिसळ असण्यामागेही सरकारचा हात आहे. १९८९ पासून प्रत्येक इमारतीत आणि परिसरात चिनी, मलाय, भारतीय यांचे कमाल प्रमाण ठरवून दिलेले आहे, जेणेकरून एका वंशाची वेगळी वस्ती तयार होऊ नये. त्याचा जाच घर विकताना होतो, कारण आपल्या गटाचा कोटा भरला असेल तर गिऱ्हाईक मिळणे अवघड होते. सक्तीने शेजार घडवावा का, यावर आमच्या घरात अनेकदा वाद होतो आणि मी अजून कोणत्याच बाजूला ठामपणे उभी राहू शकलेली नाही.

चहाचे सांगायचे तर तो घरी करावा लागणारच नाही, असे मी आईला आजच सांगून ठेवते. पाच मिनिटांच्या अंतरावर हॉकर सेंटर आहे, म्हणजे एका छपराखाली चाळीस-पन्नास ठेले आणि मध्ये सगळ्यांची मिळून टेबले. एके काळी हे विक्रेते रस्त्यावर हातगाड्या लावत. त्यांना परवाने देऊन, पाण्याचे नळ आणि गटारे असलेल्या पक्क्या जागांमध्ये हलवण्याचे काम १९८० च्या दशकापर्यंत चालले. २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीची मानवतेच्या अमूर्त वारशात नोंद केली, त्याचा लोकांना फार अभिमान आहे. बाबा, चहा मागताना ‘तेह-सी कोसोंग’ असे म्हणा, म्हणजे बिनसाखरेचा, दुधाचा चहा येईल. नुसते ‘तेह’ म्हणालात तर आटवलेल्या गोड दुधाचा येतो आणि तुमच्या साखरेचे मग काही खरे नाही. टेबलावर कागदी रुमालाचे पाकीट ठेवलेले दिसले तर ती जागा कोणीतरी धरून ठेवली आहे असे समजावे. खाऊन झाल्यावर आपला ट्रे आपणच नेऊन ठेवायचा असतो, आणि २०२१ पासून तो न ठेवणाऱ्याला दंडही होऊ शकतो. शाकाहारी चिनी ठेला आहे, तिथे अनेक पदार्थांत कांदा-लसूणही नसते. फक्त सोयाबीनचे तुकडे मटणासारखे दिसतात, ते पाहून आईने दचकू नये.

हॉकर सेंटरला लागूनच सकाळचा भाजीबाजार भरतो. भेंडी, दोडका, दुधी, कारले सहज मिळते. मेथी मात्र लिटल इंडियातील टेक्का बाजारातून आणावी लागते आणि तिथे मेट्रोने जाता येते. बाजारातल्या बायकांना ‘आंटी’ म्हणायचे असते, मग त्या आपल्याहून लहान का असेनात.

वाचनालय १९७४ साली सुरू झाले आणि ते नगराच्या मध्यभागी, मेट्रो स्थानकाजवळच आहे. इंग्रजी, चिनी, मलाय आणि तमिळ या चार भाषांतील पुस्तके तिथे असतात, मराठीची अपेक्षा मात्र ठेवू नका. सकाळी दार उघडण्याआधीच निवृत्त मंडळी बाहेर उभी असतात, कारण पहिले वर्तमानपत्र कोणाच्या हाती लागते यावर त्यांची चुरस असते. सांगली नगर वाचनालयात तुम्ही ज्या खुर्चीवर बसता ती कोणी घेतली की तुमचा चेहरा कसा होतो ते आठवते ना. इथे तो तसाच होईल. २०१९ च्या पुरात त्या वाचनालयातील पुस्तके भिजली तेव्हा तुम्ही फोनवर घरातील सामानाबद्दल शेवटी बोललात, हे मी विसरलेले नाही, म्हणून हे इतके लिहिले.

नातीला शाळेतून आणल्यावर तिला ड्रॅगनवर न्यायची जबाबदारी आजीची राहील. हा ड्रॅगन १९७९ मध्ये बांधलेली फरशीच्या तुकड्यांची घसरगुंडी आहे आणि खाली वाळू आहे. तशा घसरगुंड्या आता फार थोड्या उरल्या आहेत, त्यामुळे लोक तिचे फोटो काढायला लांबून येतात, पण मुलांना त्याच्याशी देणे-घेणे नसते. लोरोंग ८ या रस्त्यावर काळीअम्मनचे मंदिर आहे. तिथे संध्याकाळच्या पूजेचा नादस्वरम ऐकून आईला बरे वाटेल असा माझा अंदाज आहे. पहाटे मैदानात ताई-चीचा गट जमतो, आपण मागच्या रांगेत उभे राहिलो तर कोणी काही विचारत नाही. सामुदायिक केंद्रात स्वयंपाकापासून गाण्यापर्यंतचे वर्ग माफक शुल्कात चालतात. महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव, दिवाळी आणि नाटके आहेतच. आपली माणसे तिथे भेटतील, पण ती महिन्यातून एखाद-दोनदा, आणि रोजच्या दिवसाला मंडळ पुरत नाही.

काही गोष्टी तुम्हाला आवडणार नाहीत, त्याही सांगते. न कळवता कोणी कोणाच्या दारात जात नाही. लिफ्टमध्ये लोक फोनकडे पाहतात आणि हसून बोलण्याची सुरुवात तुम्हालाच करावी लागेल. ब्लॉकखाली चेंडू खेळायला मनाई असल्याचा फलक लावलेला आहे, आणि मुलांचा आवाज नसलेले अंगण मला अजूनही खटकते. हवा बारा महिने दमट असते. मेट्रोपर्यंतची वाट छपराखालून जाते म्हणून पाऊस चुकतो, घाम मात्र चुकत नाही. शाळेत तुमच्या नातीला मराठी घेता येत नाही. तमिळखेरीज बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू एवढ्याच भारतीय भाषांची सोय आहे, म्हणून ती हिंदी शिकते आणि आमच्याशी बोलताना दोन्हींची खिचडी करते. आजी-आजोबा काही महिने घरात असले तर तिचे मराठी रुळावर येईल, हा माझा स्वार्थ मी लपवत नाही.

येण्याआधी दोन-तीन कामे करावी लागतील. इथे पाहुण्यांना सरकारी दवाखान्यातही सवलतीचा दर मिळत नाही, त्यामुळे प्रवासाचा विमा काढणे आवश्यक आहे. त्याचा अर्ज मी ऑनलाइन भरते, तुम्ही दोघांच्या तपासण्यांचे अलीकडचे कागद पाठवा. बाबांच्या गोळ्या मुक्कामापुरत्या पुरतील इतक्या आणाव्यात आणि डॉक्टरांची चिठ्ठी औषधांच्या मूळ नावांसह इंग्रजीत घ्यावी, कारण आपल्याकडच्या कंपन्यांची नावे इथल्या औषध दुकानात कोणाला कळत नाहीत. आई, मेतकूट, भाजणी, सांडगे जे आणशील ते हवेच आहे, पण अनारसे या वेळी करू नकोस आणि गरम मसाल्यातही खसखस घालू नकोस. परवानगीशिवाय ती या देशात आणता येत नाही आणि विमानतळावर त्याबाबत कोणी ऐकून घेत नाही. दिवाळीला इथे सुट्टी असते. त्याआधी यायचे की नंतर, ते तुम्ही दोघांनी ठरवून कळवा, म्हणजे मी तिकिटे पाहते.

तुमची,
लेक