वस्तीभेटीला येणाऱ्या सभासदांना स्मरण

सर्व सभासद बंधुभगिनींना प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

येत्या रविवारी ताडीवाला रस्त्याच्या वस्तीत आपल्या कुटुंबभेटी होतील. तेथील अनेक स्त्रिया धुणीभांड्याच्या कामावरून दुपारी उशिरा परतत असल्याने आपण 4 नंतरच निघावे. शिधा देताना कोणाचेही छायाचित्र काढू नये आणि मदतीच्या मोबदल्यात प्रार्थनेला येण्याचा आग्रह मुळीच धरू नये. घरच्यांनी स्वतः विनंती केली, तरच प्रार्थना करावी.

1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणि विधवा आणून त्यांना केडगावला आसरा दिला, तेथे अन्नवस्त्राबरोबरच त्यांच्या शिक्षणाची आणि हाताला कामाची सोय केली. हा वारसा आपल्याच जिल्ह्यातला आहे, याचा मला फार आधार वाटतो.

मागच्या भेटीत एका आजींनी प्रेमाने पुढे केलेला चहा आपल्यापैकी काहींनी घाईत नाकारला आणि त्यांचा उतरलेला चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. या वेळी सतरंजीवर निवांत बसावे, चहा घ्यावा, मुलांची नावे लक्षात ठेवावीत.

तांदूळ, डाळ आणि तेल शनिवारी सायंकाळपर्यंत मंदिराच्या कार्यालयात जमा करावे.

— कार्यवाह