मामा, पेराच्या काड्या मी आणणार नाही

आराराक्वारा, ब्राझील

प्रिय मामा, मामी,
सा. न.

आई म्हणाली तुम्ही दोघं अजून इंदूरलाच आहात, रामबागेतल्या घरी, म्हणून तिच्याच फोनवर पाठवतेय. वरुडला परतायच्या आधी बाबांनाही वाचून दाखवा, कारण माळव्यातली आगर गावची बाग त्यांची आणि काड्यांची आयडिया तुमच्या दोघांची मिळून दिसतेय.

दिवाळीला येताना इथल्या पेरा जातीच्या संत्र्याच्या, कलमासाठी डोळे घ्यायच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून बॅगेत घालून आण, कोण बघतंय, असं तुम्ही व्हॉइस नोटमध्ये म्हणालात. मामा, नाही आणणार. तुम्ही आजवर माझ्याकडे काही मागितलं नाही आणि पहिल्यांदा मागितलं तर मी नाही म्हणतेय, ह्याचं मला खरंच वाईट वाटतंय. 2003 चा प्लांट क्वारंटाइनचा ऑर्डर आहेच, परमिट आणि सर्टिफिकेटशिवाय कलमाची काडी देशात आणता येत नाही, पण तो नसता तरी मी आणल्या नसत्या.

कारण इथला लेप्रोसिस, संत्र्या-मोसंब्यावरचा रोग. हा व्हायरस आहे आणि तो पसरवतो एक कोळी, म्हणजे माइट, घरातला कोळी नव्हे. आपल्याकडे फळावर लाल्या आणतो तो कोळी वेगळा, हा चपटा, लालसर, जेमतेम 0.3 मिलिमीटरचा, जाळं विणत नाही, फार हलत पण नाही. आमच्याकडे बागेत रोग-किडी तपासत फिरणारा माणूस असतो, त्याला प्रागेइरो म्हणतात, त्याच्या गळ्यात दहापटीची लेन्स लटकलेली असते. त्याच्याबरोबर फिरताना मी पहिल्यांदा हा कोळी पाहिला. फळावर खरडीची खडबडीत खपली होती, नुसत्या डोळ्याला काहीच नाही, लेन्स लावली तर खपलीच्या भेगेत दोन कोळी अंग चोरून बसलेले आणि शेजारी बारीक नारिंगी अंडी. असल्या भेगा आणि देठाजवळची जागा त्यांना फार आवडते, तिथे स्प्रे पण नीट पोचत नाही.

रोगाची रीत समजून घ्या. ट्रिस्टेझा किंवा ग्रीनिंग हे संत्र्याचे दुसरे रोग सगळ्या झाडात भिनतात, हा भिनत नाही, कोळी जिथे रस शोषतो तिथेच डाग पडतो. पानावर पिवळ्या कड्याचा गोल डाग, मधे तपकिरी, फळावर खोलगट काळपट ठिपके आणि मग फळगळ, फांदीवर सालीचे पापुद्रे सुटतात आणि हळूहळू फांदी वाळत जाते. लांबून बघितलं तर कँकर, म्हणजे खैऱ्या रोग वाटेल, पण कँकरचा डाग उंच आणि बुचासारखा लागतो, ह्याच्या पानावर हात फिरवला तर तसं लागत नाही. अंड्यातून व्हायरस जात नाही, नवं पिल्लू स्वच्छच जन्मतं, पण डागावर रस शोषला की ते जन्मभर व्हायरस घेऊन फिरतं. म्हणून इथे डाग पडलेल्या फांद्या छाटतात, तुम्ही बहाराआधी सल, म्हणजे वाळक्या फांद्या काढता ना तसंच, आणि काढणीचे क्रेट पण साफ करतात, कारण कोळी त्यावर बसून पुढच्या बागेत जातो.

आणि काडीची खरी भीती इथेच आहे. कोळ्याने रस शोषल्यावर डाग दिसायला काही आठवडे लागतात, म्हणजे तुम्हाला हिरवीगार, निरोगी वाटणारी काडी मी आणीन आणि तिचा डोळा कलमात भरल्यावर डाग फुटतील. शिवाय ह्या कुळातले चपटे कोळी आपल्याकडे आधीच आहेत, चहाच्या मळ्यांत तर नेहमीचे. इथला व्हायरस मात्र अमेरिका खंडापुरताच आहे, ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको असा. म्हणजे त्याला न्यायला गाडी आपल्याकडे उभीच आहे, फक्त प्रवासी आला नाही.

सगळ्यात जास्त गोड संत्र्याला लागतो, पेरा त्यातलीच आणि आपली मोसंबी पण त्याच जातीची. नागपुरी संत्रं मँडरिनमधलं, मँडरिनला तुलनेने कमी लागतो, पण कमी म्हणजे लागत नाही असं नव्हे. मामींच्या माहेरी जालन्याला तर सगळी मोसंबीच, तिथे हा गेला तर काय होईल ते मला मनात आणवत नाही.

इथल्या लोकांनी स्प्रेवर किती पैसा घातलाय ते रोज बघते. एकच कोळीनाशक परत परत मारलं की कोळी दाद देत नाही म्हणून औषधाचा गट बदलत राहावं लागतं, आणि ग्रीनिंग पसरवणाऱ्या सिला किडीसाठी जी कीटकनाशकं मारतात त्यातली काही कोळी खाणाऱ्या शिकारी कोळ्यांनाच मारतात, मग हा अजून वाढतो. 1930 च्या दशकापासून साओ पावलोत आहे, अजून गेला नाही.

बाबांना नवीन जात लावायचीच असेल तर नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत स्वतः जा, रोगमुक्त रोपांचं विचारा, कलम ज्यावर बांधतात तो खुंट पण तिथेच विचारा कारण आगरची जमीन भारी आहे आणि डिंक्या रोगाचा त्रास आहेच. इंदूरच्या चोइथराम मंडीत कुणी "ब्राझीलवाली कलमं" विकायला आला तर घेऊ नका, कितीही स्वस्त असू देत, आणि तो कुठून आणतो ते विचारून मला सांगा.

काड्यांच्या बदल्यात मी दहापटीच्या दोन लेन्स आणतेय, एक तुम्हाला, एक बाबांना. तोवर पानावर पिवळ्या कड्याचे डाग दिसले तर वरच्या आणि खालच्या बाजूचा जवळून फोटो काढून पाठवा, फांदीचा पण, उन्हात नको, सावलीत काढा म्हणजे कडा नीट दिसते. मी रविवारी तुमच्या रात्री आठला फोन करीन, तेव्हा बाबा घरीच असू देत.

तुमची,
बबी