हंड्यातलं सोनं आणि त्याच्या नावाचे जास्तीचे पैसे

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी फोनवरचं बोलणं अर्धवटच राहिलं. बाबा, तुम्ही म्हणालात, "पुढच्या महिन्यात एफडी सुटतेय, त्यातून नातवाच्या अठराव्या वाढदिवसाला त्या सॅडल रिजच्या खजिन्यातलं एक नाणं घेऊन टाक. खजिन्यातलं नाणं, भाव वाढतच जाणार." मागून आईचा आवाज आला, "सोनं ते सोनं. वजन विचार आधी." मी तेव्हा "बघते" म्हणून फोन ठेवला, पण दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून पत्रच लिहिते आहे.

आधी उत्तर सांगते. बाबा, एफडी मोडू नका. त्या पैशांचं हे नाणं घेऊ नका.

आता कारण. तुम्ही बातमी वाचली होती, पण सगळं पुन्हा सांगते, कारण हिशेब त्यातच आहे. आमच्यापासून पूर्वेला गाडीने तासाभरात कॅलिफोर्नियाचा जुना सोन्याचा मुलूख सुरू होतो. त्याच भागात कुठेतरी २०१३ च्या फेब्रुवारीत एक जोडपं स्वतःच्याच जमिनीवर कुत्र्याला घेऊन फिरत होतं. एका जुन्या झाडाजवळ गंजक्या डब्याचं तोंड मातीतून वर आलेलं दिसलं. उकरत गेले तर एकूण आठ डबे निघाले. हाच तो सॅडल रिजचा खजिना. १४२७ नाणी! त्यातली १३७३ वीस डॉलरची, ५० दहाची आणि ४ पाचची. म्हणजे नाण्यांवर छापलेली किंमत २७,९८० डॉलर. साल १८४७ ते १८९४. जोडप्याने नाव, गाव काही सांगितलं नाही, 'जॉन आणि मेरी' एवढंच. कुणी पुरलं हे आजतागायत कळलेलं नाही. १९०१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीतून तीस हजार डॉलरचं सोनं चोरीला गेलं होतं, तेच हे, अशी कुजबुज झाली. पण तसा काही पुरावा आपल्याकडे नाही, असं टांकसाळीनेच सांगितलं.

२०१४ मध्ये जाणकारांनी या सगळ्याची किंमत एक कोटी डॉलरच्या घरात धरली. आई, आता तुझा वजनाचा प्रश्न. वीस डॉलरच्या एका नाण्याचं वजन ३३.४३६ ग्रॅम, त्यात नव्वद टक्के सोनं. म्हणजे हल्लीच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने बरोबर तीन तोळे शुद्ध सोनं. तेव्हा सोनं औंसाला साडेबाराशे-तेराशे डॉलर होतं. सगळे डबे आपल्या पेठेतल्या सोनाराच्या काट्यावर ठेवले असते तर पावणेदोन दशलक्ष डॉलरच्या आसपास मोड आली असती. आणि अंदाज होता दहा दशलक्षांचा. मग वरचे आठ दशलक्ष कशाचे?

लोक म्हणतात खजिन्याच्या नावाचे. तसं नाही, बाबा. त्यातला मोठा वाटा ठरावीक नाण्यांचा होता. एकट्या १८६६ च्या एका नाण्याची किंमत दहा लाख डॉलरच्या घरात सांगितली गेली. त्या वर्षी 'आमचा देवावर विश्वास आहे' हे वाक्य नाण्यावर घालायचं ठरलं होतं, पण सॅन फ्रान्सिस्कोत नवे ठसे पोचेपर्यंत जुन्याच ठशांनी थोडी नाणी पाडली गेली. तीच ही, बिनवाक्याची. मुळात कमी, आणि इतकी कोरी तर फारच कमी. हे नाणं एखाद्या म्हातारीच्या ट्रंकेत सापडलं असतं तरी त्याला तेवढेच पैसे आले असते. काही सालांची या डब्यांतली नाणी आजवर माहीत असलेल्यांत सर्वांत चांगली ठरली. त्यांचंही तसंच. आणि उरलेली शेकडो? १८८०-९० च्या दशकांतली, सॅन फ्रान्सिस्कोची, बाजारात मुबलक मिळणारी. त्यांना नावाचा टिळा लागला, एवढंच.

तुम्हाला घडणावळीच्या भाषेत सांगते, म्हणजे आईला लगेच पटेल. पाटल्या करायला सोनार घडणावळ घेतो. आपण आनंदाने देतो, कारण पाटल्या हातात घालायच्या असतात. पण उद्या त्याच पाटल्या मोडायला नेल्या तर घडणावळ परत येत नाही. उलट घट धरतात. खजिन्याचं नाव म्हणजे त्या साध्या नाण्यांवरची घडणावळ आहे.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. एक गोष्ट तुम्हाला इतकी वर्षं सांगितली नव्हती, आज सांगते. २०१५ मध्ये मी इथल्या एका नाण्यांच्या प्रदर्शनात सॅडल रिजचं एक नाणं घेतलं होतं. बोनस मिळाला होता, आणि ती गोष्ट मला फार भिडली होती. सीलबंद प्लॅस्टिकच्या डबीत नाणं, वरच्या पट्टीवर खजिन्याचं नाव, साल, दर्जा. त्याच टेबलावर त्याच सालचं, त्याच दर्जाचं, पण बिननावाचं नाणं होतं. फरक सहाशे डॉलरचा. मी नावाचं घेतलं.

मग ह्यांची नोकरी गेली त्या वर्षी मी ते विकायला काढलं. दुकानदाराने डबी हातात घेतली, भिंगातून पाहिलं, पट्टी वाचली, आणि शांतपणे सोन्याचा त्या दिवशीचा भाव कॅल्क्युलेटरवर मांडला. शेवटी म्हणाला, "नावाचे चाळीस डॉलर जास्त देतो." सहाशेचे चाळीस. घरी येताना गाडीत मला रडू आलं. पैशांपेक्षा आपण फसलो नाही आणि तरीही नुकसान झालं, याचं. त्याने काही खोटं सांगितलं नव्हतं. पट्टी खरी, नाणं खरं. ते नाव हवं असलेलं दुसरं माणूस त्या दिवशी त्या दुकानात नव्हतं, इतकंच. मी ते विकलं नाही.

आणखी एक उदाहरण सांगते, बाबा, कारण तुमचा मुद्दा होता की खजिन्यातली नाणी मोजकी, म्हणून भाव वाढणारच. खजिना सापडला की नाणी वाढतात, कमी होत नाहीत. एसएस सेंट्रल अमेरिका नावाचं जहाज कॅलिफोर्नियाचं सोनं घेऊन न्यूयॉर्कला चाललं होतं. १२ सप्टेंबर १८५७ ला कॅरोलायनाच्या किनाऱ्यापासून दूर, वादळात बुडालं. चारशेहून जास्त माणसं गेली. १९८८ मध्ये दोन किलोमीटरहून खोल समुद्रतळावर ते सापडलं, आणि त्यातून सॅन फ्रान्सिस्कोचं १८५७ सालचं वीस डॉलरचं नाणं पाच हजारांच्या वर निघालं. सोन्याला गंज चढत नाही, त्यामुळे बरीचशी काल पाडल्यासारखी. त्याआधी त्या सालचं कोरं नाणं मिळणं कठीण होतं. ज्यांच्याकडे होतं त्यांनी ते जपून ठेवलेलं. आज त्या जुन्या, बिनवाक्याच्या नमुन्यातलं कोरं नाणं हवं असेल तर लोक १८५७ चंच घेतात, कारण तेच सर्वांत सहज मिळतं. पुढे २०१४ मध्ये दुसऱ्या कंपनीने पुन्हा बुड्या घेतल्या आणि आणखी तीन हजारांवर सोन्याची नाणी वर काढली. आधीच्या गिऱ्हाइकांना कुणी विचारलं नव्हतं.

मग नावाला किंमतच नाही का? आहे. मला ती मनापासून वाटते, म्हणूनच तर सहाशे डॉलर दिले. नकली नाण्यांच्या या दिवसांत, कुठून निघालं, कुणी तपासलं, कुणाच्या हातून गेलं, ही साखळी पक्की असली तर विश्वास वाटतो. पण ती साखळी नाण्यात नसते, कागदात आणि त्या डबीत असते. डबी फोडली, पट्टी हरवली, की राहिलं तीन तोळे सोनं.

आजीची पुतळ्यांची माळ आठवते ना? पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं डुकाट नावाचं सोन्याचं नाणं. समुद्रमार्गे आपल्याकडे आलं, आणि मग आपल्याच सोनारांनी त्याच्या नकला पाडल्या. आजीच्या माळेत एखादी अस्सल होती का? कुणी पाहिलंच नाही. वाटण्या झाल्या तेव्हा कडी काढून काट्यावर ठेवल्या. आई, तू तेव्हा एक पुतळी मागून घेतलीस. भाव म्हणून नाही, सासूबाईंच्या गळ्यातली म्हणून. मला ते फार बरोबर वाटतं.

आणि बाबा, बयाणाचा ठेवा तर तुम्हीच मला सांगितलात, सातवीत असताना, इतिहासाच्या वहीला कव्हर घालता घालता. १९४६ ला भरतपूर संस्थानातल्या शेतात तांब्याचं भांडं निघालं, गुप्तांच्या सोन्याच्या नाण्यांनी भरलेलं. गावकऱ्यांनी काही वाटून घेतली, काही आटवली. त्यांच्या दृष्टीने ते फक्त सोनं होतं, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? १८२१ नाणी वाचली. आपल्या कोल्हापूरकडच्या अनंत सदाशिव आळतेकरांनी त्यांची एकेक करून सूची केली, १९५४ मध्ये ती छापून आली. चंद्रगुप्ताचं चक्रविक्रम नाणं त्याच भांड्यातून जगापुढे आलं. आटलेल्यांत काय होतं, ते आता कुणालाही कळणार नाही. तुमचा आवाज हे सांगताना कापरा झाला होता, मला आठवतंय. खजिन्याच्या नावाला खरी किंमत तिथे आहे, एकत्र राहिला, नोंदवला गेला, तर. एकेक नाणं सुटं करून डबीत घातलं की ती हळूहळू विरत जाते.

व्यवहाराचं एक राहिलं. इथून नाणं घेऊन यायचं म्हटलं तर दागिन्यांना मिळते ती कस्टमची सवलत नाण्यांना नाही. शिवाय शंभर वर्षांवरचं नाणं आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते पुन्हा बाहेर काढणं सोपं नाही. तुम्ही सुवर्ण नियंत्रणाचे दिवस काढलेत, नाणी-लगडी घरात ठेवायला लोक घाबरायचे. या वयात तुमच्या कपाटात कागदपत्रं सांभाळायची नवी काळजी मला नको आहे.

मला माहीत आहे, तुम्हाला पैसे वाढवायचे नाहीयेत. नातवाच्या हातात काहीतरी ऐतिहासिक द्यायचं आहे. तर ते आहे. माझं नाणं अजून बेडरूमच्या खणात, तुम्ही दिलेल्या मोज्यांच्या खाली आहे. काल रात्री काढून पाहिलं. गरुडाच्या शेपटीखाली बारीक 'एस', म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीची खूण, लेडी लिबर्टीच्या गालावर डब्यात एकमेकांवर घासून आलेले चरे. तुम्ही मे महिन्यात आलात की तुमच्याच हाताने त्याला द्या. सकाळी लवकर निघून कोलोमाला जाऊ, १८४८ च्या जानेवारीत जेम्स मार्शल नावाच्या सुताराला पहिलं सोनं दिसलं तिथे, नदीकाठी. फार चालायचं नाही, आईच्या गुडघ्याला झेपेल एवढंच. त्याला गुप्तांच्या नाण्यांचंही सांगा. मी सांगितलं तर तो ऐकत नाही.

एफडी पुन्हा एक वर्षासाठी टाका, दोघांच्या नावावर, आणि पावतीचा फोटो मला पाठवा. बँकेत जाताना रिक्षाने जा, बाबा, ऊन फार आहे म्हणे.

तुमची,
माई