तपकीर गल्लीतल्या स्पीकरवाल्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

दोन्ही बेस हॉर्न पुन्हा वाजू लागले आहेत, आणि पूर्वीपेक्षा स्वच्छ वाजत आहेत. गणपतीच्या आधी तुमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. तरीही तुम्ही पावतीच्या पाठकोऱ्या बाजूवर आकडे मांडत बसलात आणि दुकानातला सगळ्यात महागडा ड्रायव्हर (पेटीत बसणारा सुटा स्पीकर) 'हा तुमच्या पेटीचा नाही' म्हणून विकायचं नाकारलंत. त्याबद्दल मनापासून आभार. त्या पावतीवरचं ज्ञान घरी पेट्या बनवणाऱ्या बाकीच्यांपर्यंतही जावं, म्हणून हे पत्र उघडं लिहीत आहोत.

वाचणाऱ्यांसाठी पेटीचा तपशील आधी देतो. १८ मिमी बीडब्ल्यूपी प्लायचा घडी घातलेला हॉर्न, प्रत्येकात १५ इंची एक ड्रायव्हर, त्याच्या मागे हवाबंद कप्पा. थ्रोट, म्हणजे ड्रायव्हरसमोरचा अरुंद घसा, ३७० चौ. सेंमी. तोंड सुमारे ४,७०० चौ. सेंमी. आतली वाट १.४ मीटर. वरची बाजू २५० हर्ट्झला मिड हॉर्नकडे जाते. एवढं छोटं तोंड ५० हर्ट्झपर्यंत चालतं ते केवळ पेटी कोपऱ्यात असते म्हणून. जमीन आणि दोन भिंती मिळून उरलेला हॉर्न पुरवतात. पॉल क्लिप्श यांनी १९४०च्या दशकात कोपऱ्याचा असाच उपयोग करून घेतला होता. बिघडलेले मूळ ड्रायव्हर आता बनत नाहीत आणि पेटीचा नकाशाही हाताशी नव्हता.

तुमचा पहिला प्रश्न वॅटचा नव्हता, मॅग्नेटच्या आकाराचाही नव्हता. 'घसा किती, आणि किती अंतरावर दुप्पट होतो?' असं तुम्ही विचारलंत. नकाशा हरवलेल्या प्रत्येकाने इथूनच सुरुवात करावी. बाजूची फळी उघडायची, हॉर्नच्या वाटेच्या मधोमध दोरी धरायची आणि दर १० सेंमीवर उंची गुणिले रुंदी मोजायची. क्षेत्रफळ जेवढ्या अंतरात दुप्पट होतं, त्यावरून हॉर्नचा कटऑफ, म्हणजे ज्याच्या खाली हॉर्न साथ देत नाही ती वारंवारता, निघतो. ३८ सेंमीला दुप्पट म्हणजे ५० हर्ट्झ, ३२ सेंमीला दुप्पट म्हणजे साधारण ६० हर्ट्झ. सुताराने वळणावर घेतलेली सूट सरासरीत धरायची, एका मापावर भरवसा ठेवायचा नाही.

त्यानंतरचा हिशोब या सगळ्याचा गाभा आहे. डॉन कील यांनी १९७७ मध्ये थील-स्मॉल आकड्यांवरून (ड्रायव्हरचे गुणधर्म सांगणारे ठरावीक आकडे) हॉर्नचा ड्रायव्हर कसा निवडायचा ते मांडलं. त्यात एफएस (मोकळ्या हवेत कोन सहज थरथरतो ती वारंवारता), क्यूईएस (मोटर कोनला किती आवरते त्याचा आकडा) आणि व्हीएएस (कोनच्या टांगणीइतकीच लवचिक असणारी हवा, लिटरमध्ये) यांच्या गुणाकारातून घसा निघतो. तुम्ही दाखवलंत की त्या गुणाकारातून हलतं वजन (कोन आणि कॉइलचं) आणि स्पायडरचा, म्हणजे कॉइलला मधोमध धरणाऱ्या घडीच्या कापडाचा, ताठपणा दोन्ही कटून जातात. उरतं ते कोनचं (हलणाऱ्या कागदी शंकूचं) क्षेत्रफळ आणि मोटरची ताकद, म्हणजे बीएलचा (चुंबकक्षेत्र गुणिले त्यातली कॉइलची तार) वर्ग भागिले कॉइलचा डीसी रेझिस्टन्स. १५ इंचीसाठी, कोन ८५५ चौ. सेंमी धरून, ३०,००० ला या ताकदीने भागलं की जुळणारा घसा चौ. सेंमीमध्ये मिळतो. १२ इंचीसाठी ३०,००० ऐवजी ११,५०० घ्यायचे, १८ इंचीसाठी साधारण ६०,०००. आपला घसा ३७०, म्हणजे ताकद हवी ८१ च्या आसपास. रेझिस्टन्स ५.३ ओम असेल तर बीएल साधारण २०.७.

याचे दोन फायदे लगेच मिळतात. ड्रायव्हर नवा असताना कडक असतो आणि वाजवून मोकळा झाला की एफएस खाली येतो, पण ताकद बदलत नाही. म्हणजे कोऱ्या ड्रायव्हरचा एफएस डेटाशीटपेक्षा पाच-सहा हर्ट्झ वर दिसला तरी घाबरायचं कारण नाही. आणि एकाच मॉडेलच्या ४ ओम व ८ ओम आवृत्त्यांची ताकद जवळपास सारखीच असते, त्यामुळे तो निर्णय फक्त अँप्लिफायर बघून घ्यायचा.

जुळणी अगदी तंतोतंत हवी असंही नाही. ताकद गरजेपेक्षा दुप्पट किंवा निम्मी असली तरी मधल्या पट्ट्यातलं नुकसान अर्ध्या डेसिबलचं असतं. मग एवढा खटाटोप कशाला? कारण छोट्या तोंडाच्या हॉर्नमध्ये घशावरचा भार वारंवारतेप्रमाणे वर-खाली होत राहतो. जुळलेला ड्रायव्हर या चढउताराला सगळ्यात कमी दाद देतो. मोटर फार कमजोर असेल तर कटऑफजवळ आवाज फुगतो आणि तबल्याचा डग्गा प्रत्येक सुरात एकाच जागी घुमतो. मोटर फार जबर असेल तर तीच जागा बसकी होते, खालचं पातळ वाटतं. घसा मोठा पडत असेल तर आत लाकडी पाचर लावून तो अरुंद करता येतो. अरुंद घसा मोठा करायचा म्हणजे मात्र पेटी फोडायची, म्हणून शंका असेल तर जबर मोटरच्या बाजूला चुकावं. हे तुमचं मत आम्हाला पूर्ण पटलं.

खरी फसगत वजनात होते. ताकद जुळलेली असताना हॉर्नची वरची मर्यादा काढायची तर ताकदीला ३.१४ ने आणि किलोतल्या हलत्या वजनाने भागायचं. ८१ आणि १०० ग्रॅम म्हणजे २५८ हर्ट्झ, आपल्या क्रॉसओव्हरला (मिड हॉर्न सुरू होतो त्या २५० हर्ट्झला) अगदी पुरेसं. आता तो महागडा सबवूफर ड्रायव्हर घ्या. ताकद तेवढीच, पण लांब कॉइल आणि जाड कोनमुळे हलतं वजन २२० ग्रॅम. मर्यादा ११७ हर्ट्झवर येते. त्याच्या वर आवाज उतरत जातो, ढोलाची थाप ऐकू येते पण तिचा 'ठ' हरवतो, आणि माणूस इक्वलायझरवर १५० ते २५० हर्ट्झ चढवून कॉइल तापवत बसतो. सबवूफरचा १० मिमी एक्समॅक्स (कोनची एका बाजूची कमाल चाल) हॉर्नमध्ये वायाच जातो, कारण हवेचा भार कोनला फार हलूच देत नाही. ५ मिमी पुष्कळ झाला. कोन मात्र दणकट हवा. समोर दाबलेली हवा, मागे बंद कप्पा, यात मऊ रबरी किंवा फोमची कडा आत-बाहेर ओढली जाते आणि फोम तर फाटतोच. लेप दिलेल्या कापडाची घडीची कडा आणि कडक कागदी कोन हेच बरोबर. कॉइलचा इंडक्टन्स दीड मिलिहेन्रीपर्यंत असेल तर २५० हर्ट्झपर्यंत तो त्रास देत नाही.

मागच्या कप्प्याबद्दल आमची समजूत होती की ड्रायव्हर बदलला म्हणजे कप्पा नव्याने करावा लागणार. तुम्ही क्लिप्शचं जुनं सूत्र काढलंत. घशाचं क्षेत्रफळ गुणिले दुप्पट व्हायचं अंतर गुणिले २.९. ३७० गुणिले ३८ गुणिले २.९, म्हणजे जवळजवळ ४१ लिटर. हा कप्पा आणि ड्रायव्हरचा व्हीएएस यांचा एकत्रित आकडा. त्यातून व्हीएएस वेगळा काढला (१/४१ वजा १/व्हीएएस, आणि उत्तर उलटं करायचं) की व्हीएएस १८० लिटरला कप्पा ५३ लिटर, ३०० लिटरला ४७, ११० लिटरला ६५. ड्रायव्हरने स्वतः व्यापलेले पाच-सहा लिटर यात वाढवायचे. म्हणजे कप्पा थोडा मोठा असलेला बरा, जास्तीची जागा लाकडी ठोकळे स्क्रूने बसवून भरता येते. ठोकळे सैल राहिले तर खडखडतात, गोंद आणि स्क्रू दोन्ही वापरावेत.

आता डेटाशीट. बी अँड सी, एटीन साउंड, फेटल प्रो या इटलीच्या कंपन्या बीएल, रेझिस्टन्स, हलतं वजन, इंडक्टन्स सगळं छापतात. तरी आकडे आपसात ताडून बघायचे. ६.२८ गुणिले एफएस गुणिले हलतं वजन, भागिले क्यूईएस, हे उत्तर बीएलवरून काढलेल्या ताकदीशी जुळायला हवं. ३८ हर्ट्झ, ०.१ किलो, ०.३० घातले की ८० येतं. दोन उत्तरांत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर डेटाशीटमधला एखादा आकडा कुठून तरी उचललेला असतो.

नुसतं '१५ इंच ८०० वॅट' लिहिलेल्या मालाला डेटाशीट नसतं, तो मोजावा लागतो. ड्रायव्हर मोकळ्या हवेत उभा बांधायचा, अँप्लिफायरला १,००० ओमचा रेझिस्टर सिरीजमध्ये, मोबाइलवरून साइन वेव्ह. रेझिस्टरवरचे व्होल्ट भागिले १,००० म्हणजे करंट. ड्रायव्हरवरचे व्होल्ट भागिले तो करंट म्हणजे इम्पिडन्स. शिखर जिथे येईल तो एफएस. समजा ३८ हर्ट्झला १११ ओम आणि डीसी रेझिस्टन्स ५.३. गुणोत्तर २१, त्याचं वर्गमूळ ४.५८. आता शिखराच्या दोन्ही बाजूंना इम्पिडन्स ५.३ गुणिले ४.५८, म्हणजे २४.३ ओम कुठे होतो ते शोधायचं. ते २६.२ आणि ५५.२ हर्ट्झ आले तर अंतर २९. ३८ गुणिले ४.५८ भागिले २९ म्हणजे क्यूएमएस (कोनच्या टांगणीचं स्वतःचं आवरणं) ६. त्याला २१ वजा १, म्हणजे २० ने भागलं की क्यूईएस ०.३०. दोन्ही बाजूंच्या वारंवारतांचा गुणाकार एफएसच्या वर्गाइतका येतो का ते बघायचं. आला नाही तर मोजणी चुकली.

हलत्या वजनासाठी डस्ट कॅपभोवती मुलांच्या खेळातली ५० ग्रॅम क्ले चिकटवायची, सोनाराच्या काट्यावर तोलून. एफएस ३८ वरून ३१ वर आला तर वजन १०० ग्रॅम. क्ले सैल बसली तर एफएस डळमळतो, तेव्हा ती दाबून बसवावी, पण कॉइलच्या सांध्यावर जोर देऊ नये.

रिकोन (जुन्या ड्रायव्हरला नवा कोन आणि कॉइल) करून घेणाऱ्यांसाठीही हीच मोजणी आहे. मॅग्नेट आणि बास्केट मूळ असली तरी बाजारातल्या किटचा कोन ३० ग्रॅमने जड असू शकतो, कॉइल वेगळ्या लांबीची असू शकते. मग तो नावापुरताच जुना ड्रायव्हर राहतो. तुमच्यासारखा कारागीर कॉइलचा व्यास, गुंडाळीची उंची, रेझिस्टन्स आणि कोनचं वजन मूळ तुकड्यांशी ताडून किट निवडतो, म्हणून तुमच्याकडचं रिकोन टिकतं. मूळ कोनचे तुकडे टाकून देऊ नयेत, पिशवीत भरून दुकानात न्यावेत.

बसवण्याबद्दल थोडक्यात. १५ इंचीच्या बास्केटचा बाहेरचा व्यास ३९० मिमीच्या आसपास असतो, मागचं झाकण त्याहून मोठं हवं. बोल्टच्या वर्तुळात कंपनीप्रमाणे फरक पडतो, जुनी भोकं जुळतीलच असं नाही. जुन्या टी-नटच्या अगदी शेजारी नवं भोक पाडलं तर प्लाय फाटते. १२ मिमी प्लायची अडॉप्टर रिंग लावणं बरं. या रिंगचा दुसरा फायदा मोठा आहे. घशाची फळी कोनच्या कडेवर येते आणि जोरात वाजताना कडा फळीला थडकते, ते थांबतं. समोरच्या पोकळीत जेमतेम एक लिटर वाढतं, २५० हर्ट्झपर्यंत त्याचा काही फरक पडत नाही. मॅग्नेटच्या मागच्या भोकासमोर किमान ५ सेंमी मोकळी जागा ठेवावी, नाहीतर बंद कप्प्यात कॉइलची उष्णता कोंडते. बोल्ट समोरासमोरचे आलटून पालटून आवळावेत, एका बाजूने कसले तर बास्केट पिळते आणि कॉइल घासू लागते.

पहिल्या ड्रायव्हरची कॉइल कशाने जळली, तेही तुम्ही जळलेला तुकडा बघून सांगितलंत. पूर्ण कॉइल सारखी काळी पडली होती, म्हणजे अँप्लिफायर क्लिप होत (कुवतीपलीकडे रेटला जात) राहिला होता. अर्धीच काळी असती तर डीसीचा संशय घेतला असता. दुसऱ्याची कॉइल घासत होती ती कटऑफच्या खालच्या मालामुळे. ५० हर्ट्झच्या खाली हॉर्नचा भार सुटतो, कोन मोकाट हलतो. आता ४५ हर्ट्झला दर सप्तकाला २४ डेसिबलचा हायपास (खालच्या वारंवारता अडवणारा फिल्टर) लावला आहे. झाकणाभोवतीची चपटी झालेली पट्टीही बदलली, बंद पेशींच्या निओप्रीन फोमची घातली. तपासणी तुम्ही सांगितली तशीच केली. पेटी कोपऱ्यात बसवायच्या आधी घशातून बोट घालून कोन हलकेच दाबायचा. तो सावकाश परत आला तर कप्पा हवाबंद, पटकन आला तर कुठेतरी गळती आहे. बहुतेक वेळा ती वायरच्या भोकात सापडते.

पोलॅरिटीची तुमची ताकीदही पाळली. हॉर्नमध्ये बसल्यावर कोन दिसत नाही, म्हणून दीड व्होल्टच्या सेलने आधीच बघून घेतलं. लाल टर्मिनलला धन दिल्यावर दोन्ही कोन बाहेर आले. जुन्या जेबीएलमध्ये तो आत जातो, हे तुम्ही सांगितलं नसतं तर जुन्या-नव्या ड्रायव्हरची जोडी लावणाऱ्याला बेस कुठे गेला ते कळलंच नसतं.

दोन्ही जुन्या बास्केट स्वच्छ पुसून, गॅपवर मास्किंग टेप लावून ठेवल्या आहेत. मॅग्नेट शाबूत आहेत. तुमच्याकडे कुणाच्या पेटीला उपयोगी पडणार असतील तर दिवाळीनंतर आणून देतो.

आपले कृतज्ञ,
कोपऱ्यातल्या दोन हॉर्नवाले