पूरसज्जतेच्या यादीत निरोपांची सोय कुठे आहे?

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर शहराच्या पूरसज्जतेविषयी आपल्या दैनिकात आलेले वृत्त मी लक्षपूर्वक वाचले. होड्या, पंप, वाळूच्या गोण्या, नदीपात्राची सफाई, स्थलांतरितांसाठी शाळांच्या इमारती, असे सारे त्यात होते. वीज गेली आणि मोबाइल मुका झाला, तर एका वस्तीचा निरोप दुसऱ्या वस्तीत कसा पोचायचा, याविषयी मात्र त्यात एक ओळही नव्हती. गेली अठरा वर्षे हौशी रेडिओचा, म्हणजे छंद म्हणून स्वतःचा रेडिओ संच चालवून निरोप देण्याघेण्याचा, परवाना बाळगणारी बडोदेकर म्हणून याच एका गोष्टीविषयी लिहिते आहे.

२०२४च्या ऑगस्टअखेर आमच्या विश्वामित्री नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेले, तेव्हा माझी नणंद बडोद्यातल्याच अकोटा भागात तिसऱ्या मजल्यावर अडकली होती. तळमजला पाण्यात, लिफ्ट बंद, वीज नाही. पहिल्या रात्री फोन लागत होता; दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तोही लागेना. तिसऱ्या दिवशी होडीतून दूध वाटायला गेलेल्या एका मुलाने तिच्या हातची चिठ्ठी आणून दिली. दिनदर्शिकेचे जुलैचे पान फाडून त्याच्या पाठीवर तिने इमारतीतल्या चार जणांची औषधे लिहिली होती. त्यांत तिच्या सासूबाईंचे इन्सुलिन होते, आणि फ्रिज बंद पडल्यामुळे आधीचे किती खराब झाले असेल याचा अंदाजही होता. पान भिजलेले होते आणि दोन नावे पुसट झाली होती. औषधाचे दुकान आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर, उघडे होते. माझ्या टेबलावर चालू स्थितीतला रेडिओ संच होता, पण पलीकडे ऐकणारे कोणी नव्हते, आणि असते तरी औषधांची नावे व मात्रा आवाजी संचावरून एकेक अक्षर फोडून सांगण्यात किती वेळ गेला असता आणि किती चुका झाल्या असत्या, हे मला ठाऊक आहे. त्या वेळी हवे होते ते लेखी निरोप नेणारे, इंटरनेटवाचून चालणारे साधन.

ते साधन अस्तित्वात आहे आणि महागही नाही. घरोघरी असतो तसाच वायरलेस राउटर, फक्त त्याच्यातले फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारे आतले सॉफ्टवेअर, बदललेले, एवढेच त्याचे स्वरूप. असे राउटर गच्च्यांवर बसवले की ते एकमेकांना आपणहून शोधतात, थोड्या थोड्या वेळाने ‘मी इथे आहे, मला हे हे ऐकू येतात’ असे छोटे संदेश सोडतात आणि त्यांवरून प्रत्येक नोड, म्हणजे जाळ्यातला एकेक राउटर, स्वतःचा मार्गांचा तक्ता तयार करतो. मधला एखादा नोड बंद पडला आणि दुसरी वाट शिल्लक असेल, तर निरोप त्या वाटेने वळतो. मध्यवर्ती कार्यालय नाही, मालक कंपनी नाही, आणि बाहेरचे इंटरनेट तुटले तरी जाळ्यातल्या जाळ्यात सारे चालू राहते. नोडशी जोडलेल्या एखाद्या छोट्या संगणकावर संदेशफलक ठेवला, तर इमारतीतले लोक आपल्या साध्या मोबाइलच्या ब्राउझरमधून त्यावर लिहू शकतात. टेबलावरचा इंटरनेट फोन जोडला, तर थेट बोलताही येते.

या कल्पनेचा उगमही सांगण्यासारखा आहे. लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळ्या-काळ्या रंगाचा, दोन अँटेनांचा राउटर २००२च्या अखेरीस बाजारात आला. त्याच्या आत लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली असल्याचे जाणकारांच्या लक्षात आले आणि मुक्त परवान्याच्या अटीमुळे २००३ साली त्याचा मूळ कोड खुला करावा लागला. त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरांसाठीचे मुक्त फर्मवेअर उभे राहिले. टेक्सासमधील ऑस्टिनच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींनी त्याच राउटरवर आपत्कालीन जाळे बांधले, ते ब्रॉडबँड-हॅमनेट म्हणून ओळखले गेले. त्यातल्याच काही जणांनी पुढे एआरईडीएन (हौशी रेडिओचे आपत्कालीन डेटा जाळे) हा प्रकल्प सुरू केला आणि आज अनेक हॅम अशा जाळ्यांसाठी त्याचेच फर्मवेअर वापरतात. माझा पहिला नोडही तोच जुना निळा राउटर होता. आता मात्र नव्याने सुरुवात करणाऱ्याने तो शोधत बसू नये. ४ मेगाबाइट फ्लॅश आणि १६ मेगाबाइट रॅम एवढ्या त्याच्या तोकड्या स्मृतीत आजचे सॉफ्टवेअर मावत नाही. मिक्रोटिक, टीपी-लिंक, युबिक्विटी यांचे काही ठरावीक नमुने चालतात. प्रकल्पाच्या यादीत आपला नमुना आणि त्याची नेमकी आवृत्ती आहे का, हे खरेदीपूर्वी पाहावे, कारण खोक्यावर नाव तेच असूनही आतला भाग बदललेला असू शकतो. डब्ल्यूआरटी५४जीच्याच पाचव्या आवृत्तीत स्मृती निम्मी करून लिनक्स काढून टाकले होते, ते न पाहता घेणारे अनेक जण तेव्हा फसले.

फर्मवेअर चढवण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे, पण त्यात घाई चालत नाही. राउटर संगणकाला वायरने जोडायचा, वायफायने नव्हे. फाइल पुरती उतरली आहे याची खातरी करायची. आणि एकदा लिहिणे सुरू झाले की दिवा कितीही वेळ लुकलुकला तरी वीज काढायची नाही. माझ्या हातून एक राउटर असाच गेला. चार मिनिटे काहीच हालचाल दिसेना म्हणून मी पिन उपसली आणि त्यानंतर तो पुन्हा उठला नाही. नोडला नाव देताना आधी आपले कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारे ओळखचिन्ह) आणि मग ठिकाण लिहितात, म्हणजे जाळ्यातल्या कोणालाही कोणता नोड कुणाचा हे एका नजरेत कळते.

कायद्याची बाजू येथे स्पष्टपणे मांडते, कारण याविषयी गैरसमज फार आहेत. आपल्याकडे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा लहरींचा पट्टा केंद्र सरकारच्या २००५च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाला; अँटेनेतून बाहेर पडणाऱ्या प्रभावी शक्तीची मर्यादा ४ वॅट आहे. ५ गिगाहर्ट्झमधला मोठा भाग २०१८ साली तसाच खुला झाला. पण एआरईडीएनचे फर्मवेअर अमेरिकेतील परवानाधारकांना डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले आहे. त्यांना २३९० मेगाहर्ट्झपासूनचा पट्टा मिळतो, म्हणून त्यात २४००च्या खालच्या वाहिन्याही निवडता येतात. तिथे गर्दी नसल्यामुळे त्या मोहक वाटतात. आपण मात्र त्यांना हात लावू नये. दुसरी गोष्ट गुप्ततेची. नियमांनुसार हौशी रेडिओवर अर्थ लपवणारी सांकेतिक भाषा चालत नाही, म्हणून हे फर्मवेअर हवेतून जाणारा मजकूर कुलूपबंद करत नाही. बँकेचे व्यवहार, खासगी गोष्टी यांसाठी हे जाळे नाही, हे लोकांना आधीच सांगितले पाहिजे. औषधांची यादी, कुठे किती माणसे अडकली, पाणी चढते आहे की उतरते आहे, यांसाठी ते आहे.

विजेचा प्रश्न सर्वांत सोपा आहे. यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-तास. माझा जुना राउटर फार तर ६ वॅट घेतो. हिशेबाने १४ तास, प्रत्यक्षात १० धरावेत. पाऊस चार दिवस थांबला नाही, तर अशा दहा बॅटऱ्या हव्यात किंवा ढगाळ दिवसांचा हिशेब करून घेतलेले मोठे सौर पॅनेल हवे.

खरी अडचण गच्च्यांची आहे. या लहरी एकमेकांना दिसणाऱ्या ठिकाणांमध्येच नीट जातात, आणि दिसणे म्हणजे नुसती सरळ रेषा मोकळी असणे नव्हे. त्या रेषेभोवती लांबट फुग्यासारखी जागा लागते. ३ किलोमीटरच्या अंतराला २.४ गिगाहर्ट्झवर मध्यभागी तिची त्रिज्या सुमारे साडेनऊ मीटर भरते आणि त्यातला ६० टक्के भाग तरी मोकळा असावा लागतो. पुरानंतर आम्ही तिघांनी आपापल्या घरी नोड बसवले. एक दांडिया बाजारात, एक कारेलीबागेत, एक अकोट्यात. दांडिया बाजार ते अकोटा या रेषेत राजवाड्याच्या आवारातली झाडी येते. मे महिन्यात तो दुवा उत्तम चालला. जुलैत पाने दाट झाली, भिजली, आणि संदेश अडखळू लागले. पावसाच्या धारांचा या लहरींना फारसा अडथळा होत नाही, ओल्या पानांचा होतो. म्हणजे ज्या महिन्यांत जाळ्याची गरज, त्याच महिन्यांत ते दुबळे. यावर उपाय एकच, तो म्हणजे झाडांच्या वर जाणाऱ्या उंच इमारतींवर मधले नोड. कमाटीबागेच्या दोन्ही अंगांना अशा इमारती आहेत. कोणत्या गच्चीवरून कोणती गच्ची दिसते, हे बडोदेकरांना शिकवावे लागत नाही. उत्तरायणाच्या दिवशी पतंग उडवायला सारे शहर गच्चीवर असते, आणि आम्हीही यंदा १४ जानेवारीला दुर्बीण घेऊन सयाजीगंज, फतेहगंजच्या दिशेने कोणकोणत्या इमारती दिसतात त्याची वही भरली. (त्याच दिवशी कारेलीबागेच्या नोडची केबल मांज्याने कापली, तेव्हापासून केबल पाइपातून नेतो.)

त्या वहीतल्या एका सोसायटीकडे आम्ही रीतसर अर्ज केला. दोन बैठका झाल्या आणि ‘रेडिएशन’ या एका शब्दावर अर्ज फेटाळला गेला. ज्या दिवाणखान्यात ही बैठक झाली, तिथेच टीव्हीमागे त्याच पट्ट्यातला राउटर चालू होता. आमचा नोड गच्चीवर, माणसांपासून दूर, त्याच ४ वॅटच्या मर्यादेत राहणार होता. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. ती शंका घेणाऱ्यांनी समोर बसून मोजमाप पाहावे, हीच माझी विनंती होती आणि आहे.

२००१च्या भूकंपानंतर भुजशी संपर्क तुटला, तेव्हा हॅम तिथे पोचले होते. २००४च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरमध्येच हौशी रेडिओच्या मोहिमेवर होत्या, आणि अंदमानातून बाहेर निरोप जाऊ शकले ते त्यांच्या संचामुळे. पण दर वेळी योग्य माणूस योग्य जागी असेलच असे नाही, म्हणून नोड पाणी येण्यापूर्वीच जागेवर हवेत. हौशी रेडिओचा परवाना बारा वर्षांच्या मुलालाही परीक्षा देऊन मिळू शकतो आणि प्राथमिक श्रेणीसाठी मोर्स संकेतलिपीची सक्ती नाही, हेही शाळाचालकांनी ध्यानात घ्यावे.

नदीच्या दोन्ही काठांवरील सोसायट्या, शाळा आणि आपल्या मराठी संस्था यांना माझे मागणे मर्यादित आहे. गच्चीच्या कठड्यावर एक हात जागा, जिन्याच्या माथ्यावर विजेचे एक सॉकेट, आणि गच्चीची दुसरी किल्ली वरच्या मजल्यावरच्या एखाद्या घरात. शेवटच्या गोष्टीचा आग्रह अशासाठी की नणंदेच्या इमारतीत गच्चीची एकुलती एक किल्ली तळमजल्यावर रखवालदाराच्या खोलीत खिळ्याला टांगलेली होती, आणि पाणी ओसरेपर्यंत कोणालाच वर जाता आले नाही. परवानगी द्यायची तयारी असणाऱ्यांनी आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर, माझ्या नावे दोन ओळी पाठवाव्यात. आम्ही स्वखर्चाने येऊन दृष्टिरेषा तपासू.

आपली विश्वासू,
एक हौशी रेडिओ परवानाधारक
दांडिया बाजार, बडोदे
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)